अंगणच वांकडें होतें

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ती उच्चारतांना तिच्या खरेपणाविषयीं कोणाच्या मनांत शंकाही येत नाहीं. आम्हां शिक्षकांस तर ती फारच सोईची. विद्यार्थ्यानें एखादी अडचण सांगितली कीं ही म्हण त्यास ऐकवावी आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावें, हा आमचा नित्याचा परिपाठ. परंतु अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें, आणि तें तसें आहे असें सांगणारा मुलगा आळशी नसून डोळस असतो, हा धडा या वर्षीं आम्हांस आमच्याच एका विद्यार्थ्यानें शिकविला. तो स्वतःपुरता ठेवणें बरें नव्हे, म्हणून या वार्षिकांतून विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें तो मांडीत आहों.

गोष्ट अशी घडली. आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत बारा यंत्रें आहेत. तेथें आम्ही आठवीच्या वर्गाचा भूमितीचा तास घेत होतों व जिओजेब्रा या प्रणालींत दिलेल्या त्रिज्येचें वर्तुळ काढण्यास सांगितलें होतें. खिडकीजवळच्या यंत्रावर बसलेला एक विद्यार्थी बराच वेळ हात आंवरून स्वस्थ होता. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, माझें वर्तुळ गोल येत नाहीं. हा पडदाच वांकडा आहे." वर्गांत हंशा पिकला. आम्हीही हंसलों, वरील म्हण त्यास ऐकविली आणि पुढें गेलों. मुलगा मान खालीं घालून बसला.

दुसऱ्या दिवशीं तास सुटल्यावर तो आमच्या टेबलाशीं आला. त्याच्या एका हातांत कंपासपेटींतली पट्टी होती व दुसऱ्या हातांत वही. वहीच्या शेवटच्या पानावर दोनच आंकडे लिहिले होते: वर्तुळाची उंची ९ सेंटिमीटर, रुंदी १२ सेंटिमीटर. "सर, तुम्हीच एकदां मोजून पाहा ना," इतकेंच तो म्हणाला. आम्हीं मोजलें. आंकडे बरोबर होते. मग शेजारच्या यंत्रांवर तेंच वर्तुळ काढून पाहिलें, तेव्हां बारांपैकीं पांच पडद्यांवर तें असेंच अंडाकृति उमटलें. या पडद्यांवर गेल्या स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें पाहतांना सर्वांचे चेहरे फुगलेले दिसत व आम्ही सारे हंसत असूं. परंतु ते तसे कां दिसतात हा प्रश्न शिक्षकांपैकीं एकासही सुचला नव्हता. पुढच्या तासास आम्हीं सर्व वर्गासमक्ष त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली.

आतां यावर उपाय काय करावा, याविषयीं शाळेंत दोन मतें पडलीं. कित्येकांचें म्हणणें असें कीं, अक्षरें वाचतां येतात, काम चालतें, तेव्हां उगीच हात लावूं नये. मुलांनीं तर मुळींच लावूं नये. दुसरें मत दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या एका कारागिराचें होतें. त्यानें खोलींत पांच मिनिटें काढलीं आणि मॉनिटर जुने झाले आहेत, बाराही बदलून टाका, असा सल्ला दिला. त्यासाठीं पालकांकडून वर्गणी घ्यावी लागेल कीं काय, अशीही चर्चा सुरू झाली. हीं दोन मतें वरवर पाहतां एकमेकांच्या उलट दिसतात. पण आमच्या मतें तीं एकाच चुकीचीं दोन रूपें आहेत. एक म्हणतें, वांकडें आहे तें सोसा. दुसरें म्हणतें, वांकडें आहे तें फेका. वांकडें कां आहे, हें दोहोंपैकीं एकही विचारीत नाहीं.

तें आपण विचारूं. पडद्यावरील चित्र बारीक बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. या बिंदूंस पिक्सेल म्हणतात. आमच्या मॉनिटरांच्या पडद्यांवर आडवे १३६६ व उभे ७६८ बिंदु कारखान्यांतच बसविलेले आहेत. ती संख्या पुढें कोणासही वाढवितां येत नाहीं अगर घटवितां येत नाहीं. संगणकानें नेमक्या तितक्याच बिंदूंचें चित्र पाठविलें, म्हणजे प्रत्येक बिंदु आपापल्या जागीं बसतो व चित्र स्वच्छ दिसतें. परंतु हे पांच संगणक १०२४ बाय ७६८ बिंदूंचें चित्र पाठवीत होते. त्या चित्राची रुंदी व उंची यांचें प्रमाण चारास तीन; पडद्याचें प्रमाण सुमारें सोळास नऊ. मॉनिटरनें तें चित्र ओढूनताणून सबंध पडद्यावर पसरलें. उंची होती तेवढीच राहिली व रुंदी एकतृतीयांशानें वाढली. नवाचे बारा झाले ते असे! त्या विद्यार्थ्याच्या पट्टीनें जें सांगितलें, तेंच त्रैराशिकही सांगत होतें.

मग संगणकानें भलत्याच मापाचें चित्र कां पाठवावें? याचें कारण असें कीं, त्यास मॉनिटरची ओळखच पटली नव्हती. मॉनिटर जोडला कीं संगणक प्रथम त्यास, तुला कोणकोणतीं मापें झेपतात, असें विचारतो. याचें उत्तर मॉनिटरच्या पोटांतील एका चिमुकल्या चिपमध्यें लिहून ठेवलेलें असतें. हें १२८ बाइटांचें ओळखपत्र होय. त्यास ईडीआयडी असें नांव आहे. पडद्यांचीं मापें ठरविणाऱ्या व्हेसा या संस्थेनें त्याचा नमुना १९९४ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्यांत कारखानदाराची खूण, पडद्याची लांबीरुंदी व मॉनिटरला सर्वांत मानवणारें माप, अशी माहिती असते. पहिले आठ बाइट ठराविक असतात: शून्य, मग सहा वेळां २५५, मग पुन्हां शून्य. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो कीं, १२८ आंकड्यांच्या एकंदर बेरजेस २५६ नें निःशेष भाग गेलाच पाहिजे. गुणाकार केल्यावर आपण ताळा पाहतों, तसाच हा यंत्राचा ताळा. तो जुळला नाहीं, तर वाचण्यांत चूक झाली असें संगणक समजतो.

आमचे मॉनिटर व्हीजीए केबलीनें जोडलेले आहेत. तिच्या टोंकास पंधरा सुयांची जागा असते. तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या सुयांवाटे जातात. ओळखपत्राचा निरोप मात्र बाराव्या व पंधराव्या सुईवाटे येतो. यांपैकीं एक सुई वांकली किंवा तुटली, तरी चित्र दिसत राहतें; फक्त ओळख पोंचत नाहीं. अशा वेळीं संगणक धोका न पत्करितां कोणत्याही पडद्यास सहसा झेपेल असें बेताचें माप धरतो. आमच्या यंत्रांवर लिनक्स आहे, आणि तेथें तें माप १०२४ बाय ७६८ असें पडलें. नववीच्या चार विद्यार्थ्यांनीं भिंग घेऊन केबलींचीं टोंकें तपासलीं. तीन केबलींत बारावी सुई वांकलेली आढळली. चांगल्या केबली लावल्याबरोबर तीन पडद्यांवरील वर्तुळें गोल झालीं. जे मॉनिटर भंगारांत काढण्याचा सल्ला मिळाला होता, त्यांतील तिघांचा दोष एका वांकड्या सुईएवढा होता!

उरलेल्या दोन मॉनिटरांकडून मात्र केबल बदलूनही ओळखपत्र आलें नाहीं. येथें संगणकास त्यांचें माप आपणच सांगणें भाग होतें. यास इंग्रजींत कस्टम मोड म्हणतात. म्हणजे ठराविक यादींतून न निवडतां आपण स्वतः लिहून दिलेली चित्राची मांडणी. ही मांडणी कशी असते, हें विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक पाहावें. कारण हींत गुणाकार व भागाकार यांपलीकडे कांहीं नाहीं.

कित्ता गिरवितांना आपला हात डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो, मग पुढली ओळ सुरू करण्यासाठीं डाव्या समासाकडे परत येतो. या परतीच्या प्रवासांत लेखणी कागदास लागत नाहीं, पण वेळ तर जातोच. पान संपल्यावर नव्या पानाच्या माथ्याशीं जावयास आणखी थोडा वेळ लागतो. पूर्वींच्या कांचेच्या नळीच्या मॉनिटरांत, ज्यांस सीआरटी म्हणत, इलेक्ट्रॉनांचा एक झोत याच रीतीनें पडद्यावर ओळीमागून ओळ लिहीत असे. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटीं कांहीं रिकामा वेळ, आणि सर्व ओळी संपल्यावर कांहीं रिकाम्या ओळी, असा समास ठेवावा लागे. आजच्या सपाट पडद्यांत तो झोत नाहीं. तरी समास ठेवण्याची पद्धति राहिलीच आहे. या समासाच्याच कांहीं भागांत, ओळ संपली किंवा पान संपलें अशी खूण संगणक मॉनिटरला देतो.

व्हेसा संस्थेनें १३६६ बाय ७६८ या मापासाठीं दिलेली एक मांडणी पाहूं. ओळींत दिसणारे बिंदु १३६६, व समास धरून सबंध ओळ १७९२ बिंदूंची. दिसणाऱ्या ओळी ७६८, व समास धरून सबंध पान ७९८ ओळींचें. आणि सेकंदास ८,५५,००,००० बिंदु या वेगानें लिहावयाचें. या वेगास १७९२ नें भागिलें म्हणजे सेकंदास सुमारें ४७,७१२ ओळी होतात. त्यांस ७९८ नें भागिलें म्हणजे सेकंदास सुमारें ५९.७९ चित्रें. या शेवटच्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात. ज्यांच्या घरीं १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा आहे, त्यांनीं हेंच गणित पुन्हां करून पाहावें: सबंध ओळ २२००, सबंध पान ११२५, सेकंदास ६० चित्रें. गुणाकार १४,८५,००,००० येईल. त्या मापाचा प्रमाण वेग नेमका तेवढाच आहे. बीजगणिताचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस याहून चांगलें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रथम हे आंकडे पुस्तकांतून न घेतां सीव्हीटी या सूत्रानें काढले. हें सूत्रही व्हेसानेंच २००३ सालीं ठरविलें असून, लिनक्समध्यें त्यासाठीं त्याच नांवाची एक आज्ञा आहे. तिला १३६६ सांगितले, तर तिनें उत्तर दिलें १३६८! मुलें गोंधळलीं. कारण शोधतां असें आढळलें कीं, हें सूत्र ओळीची लांबी आठाच्या पटींतच धरतें, आणि १३६६ यास आठानें पूर्ण भाग जात नाहीं. "दोन बिंदूंनीं काय बिघडतें?" असें कांहींजण म्हणाले व तेंच माप लावून मोकळे झाले. वर्तुळ गोल झालें. पण अक्षरें पाहतां तीं किंचित् पुसट होतीं, कारण १३६८ बिंदु १३६६ जागांत दाटीवाटीनें बसविलेले होते. इंग्रजी मजकूर त्या पुसटपणांतही वाचतां येत होता. मराठीची मात्र तारांबळ उडाली. आमच्या लिपींत रफार, मात्रा, अनुस्वार हे सारे शिरोरेघेच्या वर इवल्याशा जागेंत राहतात. चिंता आणि चिता या दोन शब्दांत एका बिंदूचाच भेद आहे, आणि लहान अक्षरांत तो बिंदु पडद्यावरील एका-दोन पिक्सेलांएवढाच असतो. तो पुसट झाला तर जिवंत माणसाच्या काळजीचें सरण होतें! मग व्हेसाची वर सांगितलेली नेमकी मांडणी घातली, मॉनिटरचें 'ऑटो' हें बटण दाबून चित्र जाग्यावर बसविलें, आणि अनुस्वार मोत्यासारखे उमटले. आपण मराठी भाषक 'चालतें तेवढें पुरे' असें म्हणून स्वस्थ राहिलों, तर तोटा प्रथम आपल्याच लिपीचा होतो, ही गोष्ट पालकांनींही ध्यानांत ठेवावी.

हें काम करण्यासाठीं लिनक्समधील एक्स या चित्रव्यवस्थेंत एक्सरँडर नांवाची आज्ञा आहे. तिच्या तीन पायऱ्या: प्रथम नवा मोड लिहून द्यावयाचा, मग तो अमुक मॉनिटरच्या यादींत घालावयाचा, आणि शेवटीं तो चालू करावयाचा. यंत्र बंद केलें कीं ही मांडणी विसरली जाते. म्हणून ती सुरुवातीच्या फाइलींत लिहून ठेवावी लागते. विंडोज ज्यांच्या घरीं आहे, त्यांस ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या नियंत्रणफलकांत पुष्कळदां कस्टम रेझोल्यूशन अशी सोय सांपडेल.

आतां आक्षेपाचा विचार करूं. मुलांनीं असल्या गोष्टींस हात लावल्यास यंत्र बिघडेल, अशी भीति कित्येक पालक बोलून दाखवितात. ही भीति निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं; तिला इतिहास आहे. सीआरटीच्या काळांत मॉनिटरला न झेपणारा वेग दिला, तर त्यांतील भाग तापून निकामी होण्याचा संभव खरोखरच असे. त्या दिवसांत लिनक्स वापरणारे लोक एक्सफ्री-८६ या प्रणालींत मोडचे आंकडे हातानें लिहीत. त्यांच्यासाठीं एरिक रेमंड यांनीं लिहिलेल्या मार्गदर्शिकेंतही मॉनिटरच्या मर्यादेबाहेर न जाण्याविषयीं इशारा दिलेला आहे. आजचे सपाट पडदे या बाबतींत बरेच शहाणे आहेत. न पेलणारें माप आलें, तर बहुतेक मॉनिटर तें मर्यादेबाहेर आहे अशी पाटी दाखवितात, किंवा नुसते काळे होऊन बसतात. तरीही जुना कांचेचा मॉनिटर कोणाच्या घरीं असल्यास त्यावर हे प्रयोग करूं नयेत, आणि कोणत्याही मॉनिटरच्या पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादा वाचल्याखेरीज आंकडा लिहूं नये, असें आमचें स्पष्ट सांगणें आहे.

परंतु भीति आहे म्हणून बंदी, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. विहिरींत बुडण्याची भीति आहे म्हणून पोहावयास शिकवूं नये, असें कोणी म्हणत नाहीं; कमरेस दोर बांधून शिकवितात. येथेंही दोर आहे. विंडोजमध्यें पडद्याचें माप बदललें कीं, हें ठेवावयाचें कां, असा प्रश्न येतो. पंधरा सेकंदांत उत्तर मिळालें नाहीं तर यंत्र आपण होऊन पूर्वस्थितीवर जातें. पडदा काळा होऊन कांहींच दिसेनासें झालें, तरी हात न लावतां थोडें थांबलें कीं सर्व कांहीं परत येतें. एक्सरँडरमध्यें अशी सोय आपोआप मिळत नाहीं. तेव्हां ज्या विद्यार्थ्यानें वर्तुळ मोजलें होतें त्यानेंच युक्ति काढली: नवा मोड चालू करणारी आज्ञा, तिच्यामागें पंधरा सेकंद थांबण्याची आज्ञा, आणि तिच्यामागें जुना मोड परत आणणारी आज्ञा, अशा तिन्ही एकाच ओळींत लिहून मगच त्यानें बटण दाबलें. जाण्यापूर्वीं परतीची वाट तयार ठेवणें हें ज्यास चवदाव्या वर्षीं सुचतें, त्याच्या हातीं यंत्र देण्यास आम्हांस मुळींच भीति वाटत नाहीं.

येथें मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांस उलट बाजूनेंही दोन शब्द सांगितले पाहिजेत. वर्तुळ गोल झालेलें पाहून कित्येकांस असा मोह पडला कीं, आंकडा लिहिला कीं पडदा ऐकतो, तर मोठाच आंकडा कां लिहूं नये? खेळ अधिक जलद दिसावा म्हणून साठ चित्रांच्या मॉनिटरकडून पंचाहत्तर चित्रें काढावीं, लहान पडद्यावर मोठ्या पडद्याचें माप चढवावें, असे बेत आमच्या कानीं आले. कांहीं मॉनिटर थोडा जादा वेग सोसतात, हें खरें. पण सोसणें आणि पेलणें यांत फरक आहे. एखादा मॉनिटर नवा आंकडा मान्य करूनही मधलीं चित्रें गाळीत असतो. आणि मोठ्या मापाचें चित्र पाठविल्यानें पडद्यावर एकही बिंदु नवा निर्माण होत नाहीं. कारखान्यानें १३६६ बसविले असतील तर ते १३६६ च राहणार. कागदावर आंकडा वाढविल्यानें सामर्थ्य वाढत नाहीं, हें गुणपत्रकाच्या बाबतींत जितकें खरें, तितकेंच पडद्याच्या बाबतींतही. योग्य मोड म्हणजे सर्वांत मोठा मोड नव्हे. वस्तूच्या खऱ्या मापाशीं जुळणारा तोच योग्य.

यावरून आमचें मत आम्ही थोडक्यांत मांडतों. शाळेंत संगणक शिकविणें म्हणजे लेख टंकित करण्यास व चित्रें रंगविण्यास शिकविणें, एवढ्यावरच आपण थांबतों. यंत्र जें दाखवील तें खरें मानावें, आणि तें बिघडलें तर बाजारांतून नवें आणावें, अशी वृत्ति त्यानें मुलांत बाणते. त्याऐवजीं आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्यासमोरच्या पडद्याचें खरें माप कोणतें, संगणक कोणतें पाठवीत आहे, आणि दोहोंत फरक असल्यास तो कसा दूर करावा, हें हातानें करून शिकविलें जावें. त्यासाठीं नवें पुस्तक नको, कीं नवी वर्गणी नको. एक पट्टी, एक वही व शनिवारचा एक तास पुरे.

नियम आम्हीं चारच ठेवले आहेत व ते खोलीच्या दारावर लावले आहेत. बदल करण्यापूर्वीं जुने आंकडे वहींत लिहून घ्यावे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. परतीची वाट आधीं तयार करावी. आणि काम झाल्यावर वर्तुळ काढून तें पट्टीनें मोजावें. डोळ्यांवर विसंबूं नये, कारण डोळे वांकड्यासही सरावतात. आमचे सरावले होते.

पालकांस एवढीच विनंति कीं, तुमचें मूल घरच्या पडद्याविषयीं कांहीं तक्रार करूं लागल्यास त्यास एकदम गप्प करूं नका. अक्षरें पुसट दिसतात, डोळ्यांस पाणी येतें असें म्हणालें, तर त्याचे डोळे डॉक्टरांकडून अवश्य तपासून घ्या. पण पडद्याचें मापही तपासा. आणि कोणी नवा मॉनिटर घ्या असें सांगितलें, तर पैसे मोजण्यापूर्वीं केबलीच्या टोंकाकडे एकवार नजर टाका.

आमच्या संगणकाच्या खोलींतील बाराही पडद्यांवर आतां वर्तुळें गोल उमटतात. एकही मॉनिटर बदलावा लागला नाहीं. तीन केबली मात्र घ्याव्या लागल्या. खिडकीजवळच्या त्या यंत्राशेजारीं भिंतीवर त्या विद्यार्थ्याच्या वहींतलें तें पान आम्हीं चिकटवून ठेवलें आहे: उंची ९, रुंदी १२. मुलांस तें गमतीचें वाटतें. आम्ही मात्र तास सुरू करण्यापूर्वीं तें रोज वाचतों, आणि ती जुनी म्हण ओठांवर आलीच, तर आधीं अंगणाकडे पाहून घेतों.